जित्या माणसाचा खड्डा

माझी बायको जिवंत होती तेव्हाच तिचा खड्डा काढून झाला होता. ती आत बाजेवर पडलेली, श्वास चालू, डोळे उघडे, आणि मागच्या रानात जेसीबी घुमत होता. जेसीबीवाल्याला चहा मीच नेऊन दिला. लोक ऐकतात आणि तोंडात बोटं घालतात. घालू द्या. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला गोड करून सांगता येत नाही.

आधी आमच्यात काय करतात ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्याला जाळत नाहीत, पुरतात. पुरतानाही आडवं टाकत नाहीत, मांडी घालून बसवतात. जीव गेला की अंग गरम आहे तोवर पाय दुमडून घ्यायचे, पाठ भिंतीला टेकवायची, दोरीनं खुंटीला बांधायचं. उशीर झाला तर अंग लाकूड होतं. मग मांडी घालायला गडी लागतात, आणि जे आवाज येतात ते घरच्यांनी ऐकू नयेत. खड्डा छातीएवढा खोल आणि त्याच्या एका भिंतीत पोखरलेला कोनाडा. त्या कोनाड्यात माणूस बसतो, डाव्या तळहातावर जन्मभर गळ्यात घातलेलं लिंग, वरून विभूती, बेल, मीठ. मग समोरून माती लोटतात. कोनाडा नीट असला तर डोक्यावर माती पडत नाही आणि पाणीही उतरत नाही. जुने लोक सबलीनं, म्हणजे पहारीनं, असा कोनाडा काढायचे की आत बसून भाकरी खावी.

बायकोचं माहेर उदगीरकडचं. तिची आई भर पावसाळ्यात गेली. खड्ड्याला झरे फुटले, पाणी कमरेएवढं झालं, आणि वेळ टळून जाते म्हणून मोठ्या माणसांनी तिला तशीच बसवली. माझी बायको तेव्हा पोरगी होती, काठावर उभी होती. आई बसल्या जागी तिरकी झाली आणि तोंड पाण्यात गेलं. मेलेल्याच्या तोंडात पाणी गेलं काय आणि माती गेली काय, पण तिच्या डोळ्यांसमोरून ते कधी गेलं नाही. लग्न झाल्यापासून मी ऐकत आलो, "मला कसंबी न्या. वाजवत न्या, न वाजवता न्या. पर पान्यात बसवू नका." भांडणातसुद्धा हेच. "तुमी मला सुखानं जगू दिलं न्हाई, निदान कोरडं मरू द्या." दुसरं काही तिनं कधी मागितलं नाही. मागितलं असतं तरी मी दिलं असतं की नाही कोण जाणे, पण हे एक द्यायचं होतं.

उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. लातूरला दाखवलं, नांदेडला ठेवलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, काय खाऊ वाटेल ते द्या. तिला खाऊ काहीच वाटत नव्हतं. दसरा झाला आणि ती उठायचीच थांबली.

त्याच दिवसांत टीव्हीवर वादळ सुरू झालं. बंगालच्या उपसागरातून निघालंय, आंध्रात घुसलंय, तेलंगणातून आपल्याकडं वळलंय. रानोमाळ सोयाबीन कापून पडलेलं, कुणाचे ढीग लागलेले, कुणाचं अजून सरीतच. त्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला. दुपारनंतर वादळ येणार, जनावरं झाडाखाली बांधू नका, काढलेला माल झाकून ठेवा. मरायला टेकलेलं माणूस घरात असलं तर काय करायचं, ते भोंग्यानं सांगितलं नाही.

ते सांगायला माझा थोरला चुलतभाऊ आला. आमचं घर घराला लागून, रान रानाला लागून. गावात आमच्यातलं कुणी गेलं की खड्ड्याचं तोच बघतो, त्याला त्याची हौसच आहे. दारातूनच त्यानं बायकोकडं बघितलं.

"कसं हाय?"

"हाय तसंच."

"नखं बघितलीस का? निळी पडलीत. आज न्हाई निघत." मग मान वर करून आभाळ बघितलं. "पर कवा जाती त्याला महत्त्व हाय बाबा. दुपारच्या आत गेली तर सोनं व्हईल. पाऊस लागल्यावर काळ्या मातीत कोन उतरतंय? सबल चिकटती, मानूस चिकटतंय."

"मग म्या काय करू दादा? तिला घाई कर म्हनू?"

"तसं न्हाई. खड्डा तर काढून ठिवू. गावात नाली काढायला जेसीबी आलाय, दुपारी परत चाललाय. तो गेल्यावर बोंबलत बसशील."

मी हो म्हणालो. आजही म्हणेन. कोरड्या मातीत खड्डा, कोरड्या मातीत ती, वरून माती, आणि मग पडू दे आभाळ पडायचं तर. तिच्या मनासारखं होणार होतं. त्यासाठी एकच गोष्ट कमी होती. तिनं दुपारच्या आत मरायला पाहिजे होतं.

जागा तिनं स्वतः निवडलेली. रानाचा वरचा कोपरा, लिंबाखाली, मुरमाड जमीन. तिथं कितीही पाऊस पडो, पाणी थांबत नाही. मी जेसीबीच्या पुढं चालत निघालो तर भाऊ आडवा आला.

"वर जायला वाट न्हाई. माझे ढीग हायत मधी."

"मग सारा बाजूला."

"सारा म्हनं! पाऊस दारात आलाय अन् वाळलेला ढीग सारू? शेंग फुटून सगळा दाना मातीत जाईल. तुझी बायको आज ना उद्या जानारच हाय, माझं सोयाबीन कशाला न्यायलास तिच्या संगट?"

जेसीबीवाला हसला. मग माझं तोंड बघून त्यानं मान फिरवली.

"आपल्या हातानं काढू वर," मी म्हणालो.

"कोन काढतंय? तू? सगळे गडी ताडपत्र्या घेऊन पळायलेत. उगं हट्ट करू नको. खाली बांधाजवळ काढू, माती कुठली बी सारखीच."

माती सारखी नसते. खालच्या बांधाजवळ साऱ्या रानाचं पाणी येऊन टेकतं, हे त्यालाही माहीत आणि मलाही. पण मला घाई होती. वादळ यायच्या आत तिला माती द्यायची म्हटल्यावर पाणी येईपर्यंत ती झाकलेली असणार होती. असा हिशेब मी डोक्यात घातला आणि बाजूला झालो.

जेसीबीनं चार बकेटी मारल्या आणि झालं. खड्डा कसला, म्हैस बसेल असं डबकं. उकरलेली माती त्यानं वरच्या अंगाला टाकायची ती खालच्या अंगाला टाकली. म्हणजे वरून येणाऱ्या पाण्याला दार उघडं.

"कोनाडा?" मी विचारलं.

"ते काय मशीनला येतंय व्हय? हातानं काढू की मागून." आणि जाता जाता भाऊ म्हणाला, "आता रिकामा ठिवायचा न्हाई बरं का. काढलेला खड्डा रातभर तोंड उघडून बसला की दुसरं मानूस मागतो."

ही गोष्ट लहानपणापासून आम्हा सगळ्यांना माहीत. खड्डा काढायच्या आधी ती एकालाही आठवली नाही.

घरात आलो तर बायको माझीच वाट बघत होती. अंगात काही राहिलं नव्हतं, तोंड मात्र होतं तसं होतं.

"काय घुमायलंय?"

"नाली काढायलेत."

"रानात?"

मी पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला.

"रानात कवापासून नाल्या काढाय लागले?" ती म्हणाली. श्वास घ्यायला थांबली. "मावंन का मी तेच्यात?"

मी तिच्या पायाशी बसलो. पाय गार होते.

"कुठं काढला?"

"लिंबाखाली."

"कोनाडा काढला का?"

"हाव."

"कोनी? दादांनी? मग वाकडाच असंल." तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. तेवढ्यात म्हणाली, "म्हंजे सगळी तयारी झाली म्हना की. मांडव पडला, वऱ्हाड आलं, नवरीच उठंना."

वऱ्हाड खरंच आलं होतं. ओसरीवर भावकी जमली होती. प्रत्येकाच्या घरी माल उघडा, जीव टांगणीला, पण मरणाच्या दारातून उठून जायचं कसं? आणि बसायचं तरी किती? माणसं आधी आभाळाकडं बघायची, मग दारातून बाजेकडं बघायची, मग परत आभाळाकडं. कुणीतरी फोनवर बोलायचं आणि मोठ्यानं सांगायचं, "धर्माबादला लागला." थोड्या वेळानं, "नांदेडला दिवसा अंधार पडलाय म्हनं." प्रत्येक निरोपाला ओसरी हलायची. पावसाळ्यात बस चुकते म्हणून जशी माणसं चुळबुळतात तशी चुळबुळत होती.

मला राग कुणाचा यावा तेच कळत नव्हतं. मीसुद्धा तिची छातीच बघत होतो. छाती वर आली की बरं वाटायचं, आणि वर आली की वाटायचं, बाई, अजून किती? आटप की. तिनं पावसाच्या आधी जावं असं मला वाटत होतं, आणि तसंच वाटणाऱ्या दुसऱ्या कुणाचा गळा दाबावा असंही वाटत होतं.

भावजय, म्हणजे त्या चुलतभावाची बायको, उशाशी येऊन बसली. चमच्यानं लिंगाचं तीर्थ पाजलं. मग बाजेवरून खाली घेऊ म्हणाली, बाजेवर जीव गेलेला चांगला नसतो. मी म्हणालो, राहू द्या. तर तिनं तोंड बायकोच्या कानाशी नेलं.

"बाई, कुनात जीव अडकलाय का तुझा? पोराला बघायचंय का? मोकळी हो. आडून राहू नको, बाई."

"तुमच्यातच अडकलाय, जाऊबाई," बायको म्हणाली. "संगट घेऊनच जावं म्हन्ते तुमाला."

भावजय उठली ती पदर झटकत बाहेर. ओसरीवर कुणीतरी फिसकन हसलं. मीसुद्धा हसलो असतो, पण तेवढ्यात फोन वाजला.

पोरगा लातूरला असतो, खत-औषधाच्या दुकानात कामाला. "अप्पा, कसं काय मग? आज हाय का उद्या? म्हंजे तसं निघाया येतंय. सारखंसारखं येनं व्हत न्हाई, मालक रजा देत न्हाई. अन् पाऊस लागल्यावर पूल बंद व्हतो."

"तिलाच इचार," मी म्हणालो आणि फोन तिच्या कानाला लावला. तो तिकडून 'आई, आई' करत राहिला. तिनं ऐकून घेतलं.

"तू आलास की मी निघू, का मी निघाले की तू येतोस, ते एकदा ठरीव बाबा," ती म्हणाली. "न्हाईतर दोघंबी वाटंतच राहू."

तो रडायला लागला. मी फोन बंद केला. रडायचं तर इथं येऊन रड म्हणावं.

स्वामी मोटारसायकलवर लोह्याच्या बाजूनं आले होते. आमच्यात खड्ड्यात बसवल्यावर स्वामी माथ्यावर पाऊल ठेवतात, तेव्हा ते माणूस सुटलं असं मानतात. स्वामींनी तिच्या कपाळाला विभूती लावली, मंत्र म्हटला आणि ओसरीवर येऊन बसले. त्यांचा सारखा रस्त्याकडं डोळा. माझ्या भावाला राहवलं नाही.

"महाराज, पावलाचं तेवढं आत्ताच उरकून घेता का? तुमालाबी जायचंय, मधी ओढा हाय."

स्वामी त्याच्याकडं बघतच राहिले. "जित्या बाईच्या डोक्यावर पाय ठिवू व्हय रे? आधी तुझ्या ठिवतो, बस खाली."

सगळे हसले, तोही हसला. तेवढ्यात कुणीतरी फोन कानावरून खाली घेतला आणि म्हणाला, "लोह्यात पत्रे उडाले." हसणं तिथंच बंद पडलं. स्वामी उठले, मला म्हणाले, कळव, आणि मोटारसायकलला किक मारली. त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनी तरी मरायच्या आधी मारलं नाही तिला.

ते गेले आणि हवा एकदम पडली. लिंबाचं पानसुद्धा हलेना. नांदेडच्या बाजूला आभाळ कोळशासारखं झालेलं, आणि त्याच्या खालून एक पिवळी पट्टी. गुरं दावं ओढायला लागली. बायको म्हणाली, "आलं का?" मी म्हणालो, "अजून न्हाई." ती म्हणाली, "मग मी बी अजून न्हाई." ती थट्टा करत होती की मला सांगत होती, तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही.

वारा आला तो सरळ अंगावर. ओसरीचा पत्रा एका बाजूनं उचलला आणि आपटला. रानातून ओरडा आला, "ताडपत्री गेली! ताडपत्री गेली!" आणि ओसरी रिकामी झाली. सगळी. माझा भाऊ सगळ्यांच्या पुढं, धोतर हातात धरून. भावजय त्याच्यामागं. एकानं घाईत माझी चप्पल घालून पळ काढला. मरणाला आलेली माणसं मरण सोडून पळाली. का पळू नयेत? वर्षाचं पीक होतं. पण पळताना एकानंही मागं वळून म्हटलं नाही की आलोच.

मी दार लावलं आणि आडणा घातला. लाइट गेली. दिवसाढवळ्या घरात चेहरा दिसेना. चिमणी लावली तर वाऱ्यानं विझली, परत लावून भांड्याच्या आडोशाला ठेवली.

"गेले का समदे?"

"गेले."

"बरं झालं. सकाळधरनं मेल्यासारखं पडून कंटाळा आला व्हता." मग म्हणाली, "चा करा."

मी चहा केला. पत्र्यावर गारांचा असा मारा की स्टोव्हचा आवाज ऐकू येईना. तिनं बशीतून दोन घोट घेतले आणि तिसरा तसाच बाहेर आला. मी तोंड पुसलं. तिनं माझं मनगट धरलं. पकड कसली, बोटं नुसती टेकली होती.

"खड्डा भरला असंल."

"झाकलाय पत्र्यानं."

"लिंबाखाली पत्रे राहत्यात व्हय असल्या वाऱ्यात?"

मी चिमणीची वात सारखी केली.

"लिंबाखाली न्हाईच काढला," ती म्हणाली. "जेसीबीचा आवाज खालून येत व्हता. मी हितं पन्नास वर्सं राबलेय, मला रानाचे कोपरे आवाजावरून कळत्यात. तुमी मला खोटं सांगितलं अन् मी गप बसले. म्हनलं, पावसाच्या आदी जावं, म्हंजे तुमाला खोटं पडाय नको. लई जोर केला. जीवच जाईना."

वीज पडली ती जवळच कुठंतरी. घर हललं. मी तिला काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. वर खोदतो म्हणालो, एकटा खोदतो, पाण्यात बसवणार नाही म्हणालो. ती ऐकत होती का माहीत नाही. डोळे उघडे होते. पुढची वीज चमकली तेव्हा डोळे तसेच होते आणि छाती वर आली नाही. मी परत विजेची वाट बघितली, चिमणीच्या उजेडावर माझा भरवसा नव्हता. तेव्हाही नाही आली.

रडायला वेळ नव्हता. अंग गार व्हायच्या आत बसवायची होती आणि घरात मी एकटा. दार उघडून हाक मारली तर हाक माझ्याच तोंडात परत आली. मग तिला बाजेवरून ओढून घेतली. केवढीशी झालेली, तरी मेलेलं माणूस जड असतं, सगळीकडून निसटतं. भिंतीला टेकवली की घसरायची. एक पाय दुमडला की दुसरा सुटायचा. दोरी खुंटीला बांधली तर खुंटीच निघून आली, भिंत ओली झाली होती. शेवटी तिची मांडी घातली, तिच्या पुढ्यात पाठ करून बसलो आणि माझ्या पाठीनं तिला भिंतीशी दाबून धरली. तिची हनुवटी माझ्या खांद्यावर आली. आमच्यात नवरा-बायको असं कधी बसत नाहीत. चारचौघांत तर नाहीच, एकांतातही मला आठवत नाही. मी पायांनी उंबऱ्याला रेटा दिला आणि बसलो. वादळ निघून जाईपर्यंत तसाच बसून होतो. हळूहळू ती माझ्या पाठीला लाकूड झाली. तेव्हा मी बाजूला झालो. ती पडली नाही. नीट बसली होती, गुरवाच्या घरी देव बसतो तशी.

सकाळी उघडीप होती, पण पुढचा पाऊस येतोय असं सगळ्यांचे फोन सांगत होते. पोरगा भाड्याच्या जीपनं आला, लातूरकडचा पूल अजून चालू होता. स्वामी ओढ्यापलीकडं अडकले, फोनवरून मंत्र म्हणायला लागले आणि रेंज गेली. खालचा खड्डा काठोकाठ भरला होता. वर सोयाबीनच्या काड्या तरंगत होत्या. लाइट नाही म्हणून मोटार नाही. भावकीतल्या पोरांनी बादल्यांनी पाणी उपसलं, जेवढं उपसलं तेवढं बाजूनं पाझरून परत आलं. शेवटी कमरेएवढं राहिलं, त्याखाली जाईना.

मी कुदळ घेऊन वरच्या कोपऱ्याकडं निघालो. लिंब आडवा झाला होता, पण जमीन ताठ होती. चार घाव घातले. मुरूम आतून कोरडा. भाऊ मागून आला.

"काय करायलास?"

"खड्डा."

"अन् तेचं काय? खालचं?"

"राहू दे."

"राहू दे म्हनं! काढलेला खड्डा रातभर रिकामा राहिला, अजून एक रात राहिला तर गावात दुसरं मानूस जाईल. तुझ्या घरातलं का माझ्या, कुनाला माहीत? माझ्या घरात तान्हा नातू हाय."

"तेच्यात दगड टाका. म्हस टाका. मला काय."

"खड्डा ज्याच्या नावानं काढला त्यालाच मागतो," तो म्हणाला. सगळ्या भावकीनं माना हलवल्या. खड्डा काढताना हा नियम कुणाला आठवला नव्हता, आता प्रत्येकाला पाठ होता.

मी पोराकडं बघितलं. त्याला ठाऊक होतं त्याच्या आईचं मागणं. लहानपणापासून त्यानंही ऐकलं होतं.

"अप्पा," तो म्हणाला, "वर खांदायला संध्याकाळ व्हईल. पाऊस परत यायलाय. तिला काय कळनार हाय आता?"

माझ्या हातातली कुदळ कुणीतरी काढून घेतली. म्हाताऱ्याच्या हातातून काढायला जोर लागत नाही.

तिला बसवायला मी खाली उतरलो. दुसरं कुणी उतरायला तयार नव्हतं, काळ्या चिखलात पाय रुतून बसतो म्हणे. वरून तिला सोडली, मी घेतली. कोनाडा नव्हताच, नुसत्या मातीच्या भिंतीला टेकवली. बसल्यावर पाणी तिच्या गळ्याशी आलं. हातावरचं लिंग मी मुठीत दाबून मूठ फडक्यानं बांधली, नाहीतर वाहून गेलं असतं. विभूती लावली ती विरघळली. वरून मिठाचं पोतं ओतलं तेही विरघळलं. आणि ती तिरकी व्हायला लागली. मी हातानं सरळ करायचो, परत तिरकी. तिची मान मी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. वरून माती पडायला लागली, तिच्यावर कमी, माझ्यावर जास्त. तिच्या छातीएवढी माती झाली तेव्हा कुठं तिची मान तिची तिनं धरली.

भाऊ काठावर उभा होता. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. अशा वेळी सगळ्यांनाच असतं.

"नशीबवान बाई," तो म्हणाला. "साक्षात गंगा आली अंघोळीला."

मी खालून वर बघितलं. "तुलाबी येऊ दे," मी म्हणालो. "तुझ्या बायकोलाबी येऊ दे. तोंडापर्यंत येऊ दे."

"अप्पा!" पोरगा ओरडला. "असं बोलू नये मयताच्या पुढं."

"तू जा. तुझा पूल बंद व्हईल."

दोघांनीही मला वर ओढायला हात पुढं केले. मी ते धरले नाहीत. काठाची माती धरली, ती हातात आली, घसरून परत खाली गेलो, गुडघा तिच्या खांद्याला लागला. मग कोपरं रोवून कसाबसा वर आलो. अंगभर चिखल. सगळे बघत होते. मी तोंड पुसलं आणि म्हणालो, लोटा माती.